सक्करदरा नावाचं मशीन

मशीनांना नागपुरातल्या तलावांची नावं द्यायची पद्धत प्रीतमनं पाडली. अंबाझरीवर सावनेर-काटोलकडच्या जिनिंगवाल्यांच्या कापूसगाठींच्या नोंदी चालायच्या, फुटाळ्यावर वजनकाट्यांचे आकडे यायचे, गोरेवाड्यावर सगळ्याची राखीव प्रत साठायची. यांपैकी एकही मशीन आमच्या ऑफिसात नव्हतं. परसोडीच्या आयटी पार्कातल्या आमच्या दोन खोल्यांत लॅपटॉप, पाण्याचा जार आणि होळीपासून घरघरणारा कूलर, एवढंच होतं. मशीनं क्लाउडवर होती, म्हणजे मुंबईतल्या कुठल्यातरी मोठ्या, थंड इमारतीत भाड्यानं घेतलेली. इथून सुरू करायची, इथून बंद करायची. त्यांना हात लावलेला आमच्यापैकी कुणी नाही.

माझं काम त्यांच्या राखणीचं. कोणतं मशीन कुणाला उघडता येईल, कुणाला नुसतं पाहता येईल आणि कुणाला तेही नाही, हे ठरवायचं. कुणी नोकरी सोडली की त्याच दिवशी त्याचे पासवर्ड आणि फोनवर येणारे कोड काढून टाकायचे. आणि चालू असलेल्या प्रत्येक मशीनच्या माहितीत मालकाचा एक रकाना असतो, तो कधी रिकामा राहू द्यायचा नाही. मालक म्हणजे कंपनीतलाच कुणीतरी. त्या मशीनचं काही बिघडलं तर ज्याला फोन करायचा, तो.

मालकाचं नाव नसलेलं मशीन सापडलं तर या धंद्यात एक सोपी युक्ती वापरतात. ते पुसायचं नाही, नुसतं बंद करायचं आणि कोण ओरडतंय ते पाहायचं. जो ओरडेल त्याचं नाव रकान्यात घालायचं. कुणीच ओरडलं नाही तर आठवड्याभरानं पुसायचं. माझ्या हाताखालचा बंटी याला बोंब लावणं म्हणतो. "ताई, एक बेवारस दिसून राहिलं, लावू का बोंब?" असं तो विचारतो, आणि बटण दाबून झालं की खुर्चीत मागं रेलून कानामागं हात धरतो.

त्या मार्चमध्ये आमच्या महादेवरावांना एक मोठं गिऱ्हाईक मिळालं. महादेवराव म्हणजे कंपनीचे मालक, सावनेरच्या जिनिंगवाल्या घरातले. नव्या गिऱ्हाइकाची अट होती की क्लाउडवरचं जुनं खातं महिनाअखेर बंद करून सगळं नव्या खात्यात न्यावं, आणि नव्या खात्यात एकही बेवारस मशीन चालू नसावं. क्लाउडातलं महादेवरावांना फारसं कळत नाही, पण ही अट त्यांना लगेच पटली.

"गोडाऊनमध्ये कोणाचा माल पडून हाय हेच माहीत नसन," ते म्हणाले, "तर आग लागल्यावर कोणाले बोलावता?"

मी जुनं खातं झाडायला घेतलं. तळाशी एक अगदी छोटं मशीन सापडलं. नाव सक्करदरा. मालकाचा रकाना रिकामा.

त्याच्यावर काही नव्हतं. एक प्रोग्राम नाही, एक फाइल नाही. आत यायचे आणि बाहेर जायचे सगळे रस्ते बंद होते. ते नुसतं चालू होतं. मी त्याच्या कामाचा आलेख काढला. मशीन निजलेलं असलं की त्याची रेघ खाली सपाट राहते. ही रेघ दिवसभर सपाट होती, फक्त रोज संध्याकाळी थोडा वेळ उचलायची आणि पुन्हा बसायची. रोज एकाच वेळी उचलली असती तर मी समजू शकले असते, कारण घड्याळ लावून ठेवलेली कामं असतात. पण ती हिवाळ्यात लवकर उचलायची आणि उन्हाळ्यात उशिरा. मी सूर्यास्ताच्या वेळा काढून शेजारी ठेवल्या. तंतोतंत जुळल्या. मुंबईच्या नव्हे, नागपूरच्या. मुंबईत सूर्य आपल्यापेक्षा उशिरा मावळतो.

सक्करदऱ्याला प्रीतम राहायचा. प्रीतम गजभिये. आमचं सगळं खातं त्यानंच पहिल्यापासून उभं केलं होतं. काही वर्षांपूर्वी, कोविडच्या दुसऱ्या लाटेत, एप्रिलमध्ये, तो गेला. त्याचं टेबल माझ्या शेजारी होतं. ऑफिसात सगळे मला आशू म्हणतात, तो अश्लेषा असं पूर्ण नाव घ्यायचा. त्याच वर्षी मार्चच्या गडबडीत तो म्हणाला होता, "मार्च संपू दे, मग घरी ये एकदा. मायला भेट." कशासाठी ते त्यानं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मला कळलं होतं, आणि मला कळलंय हे त्यालाही कळलं होतं.

मशीन सुरू झाल्याची तारीख मात्र त्याच वर्षीच्या मे महिन्यातली, तो गेल्यानंतरची होती. तोवर प्रीतमचे सगळे अधिकार काढून झाले होते. बंटीनं काढले, मी तपासले. मग मे महिन्यात हे कुणी सुरू केलं? अशा नोंदी क्लाउड कंपनी ठरावीक काळच ठेवते आणि तो काळ केव्हाच उलटला होता. म्हणजे कारण असणार, फक्त ते आता मिळणार नाही. असं मी स्वतःला सांगितलं आणि दुपारी सक्करदरा बंद केलं. बंटीनं कानामागं हात धरला. कुणी ओरडलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाराजवळच्या टेबलावरचा जुना फोन वाजला. त्यावर कुणी फोन करत नाही. बंटी म्हणाला, "क्रेडिट कार्डवाले असतीन." मी उचलला.

"प्रीतमचं ऑफिस हाय का जी हे?"

बाईचा आवाज होता. वयस्कर, पण खणखणीत.

"हो. आपण?"

"मी त्याची माय बोलून राहिली. मीराबाई. त्याच्या कार्डावर हा नंबर होता. तुमच्या इथं काल काही बंद केलं का?"

"का हो, काकू?"

"काही नाही. काल दिवेलागणीले तो आला नाही. कधी चुकत नाही. मले वाटलं ऑफिसात काही झालं असन." मग त्यांनी जोडलं, "त्याचं घरी येणं नेहमी ऑफिसावरच राहे ना, बाई."

फोन ठेवल्यावर बंटीनं विचारलं, "कोण होतं?" मी म्हणाले, "क्रेडिट कार्डवाले."

मी मशीन पुन्हा सुरू केलं. श्रद्धेनं नाही. बंद असताना काय होतं ते एका बाजूनं कळलं होतं, चालू असताना काय होतं ते दुसऱ्या बाजूनंही पाहायला हवं होतं. ऑफिसातून लवकर निघाले आणि सक्करदऱ्याला गेले.

घर तलावामागच्या गल्लीत होतं. बुधवार म्हणजे तिथं बाजाराचा दिवस, भाजीवाल्यांच्या आरोळ्या गल्लीच्या तोंडापर्यंत येत होत्या आणि आत शिरलं की एकदम मंदावत होत्या. वाऱ्याबरोबर तलावाचा वास येत होता, साचलेल्या पाण्याचा आणि जलपर्णीचा. निळं लोखंडी फाटक, सिमेंटचं छोटं अंगण, भिंतीशी एक नळ, नळाखाली पाय धुवायची फरशी. पुढच्या खोलीत बुद्धाची तसबीर, बाबासाहेबांची, आणि त्यांच्या खाली, थोडी लहान, प्रीतमची.

मीराबाईंनी जन्मभर अंगणवाडी चालवली होती. केस घट्ट बांधलेले, नजर हजेरी घेणारी. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"तू अश्लेषा."

"हो, काकू."

"मार्च संपल्यावर येणार होती ना तू? लई लंबा मार्च झाला वं तुहा."

मी खाली पाहिलं. त्या हसल्या, आत गेल्या आणि चहा घेऊन आल्या. मग विचारायच्या आधीच सांगू लागल्या. फार सांगितलं नाही. ॲम्ब्युलन्स आली तेव्हा तो स्वतः चालत जाऊन बसला. नंतर दवाखान्यातून फोन आला. दहनघाटावर पांढऱ्या प्लास्टिकमध्ये बांधलेलं काहीतरी लांबून दाखवलं आणि नंबर वाचून सांगितलं की हा तुमचा.

"तोंड नाही पाहू दिलं. मी म्हटलं, दुरून दाखवा. नाही म्हणे."

"आणि मग?"

"मग मे महिन्यात येऊ लागला." हे त्यांनी दुधवाला येऊ लागला अशा सुरात सांगितलं. "गाडी लावते, फाटक लावते, पाय धुते. मग उंबऱ्याशी उभा राहते. आत नाही येत. मी त्या वक्ताले दाराकडं पाठ करून बसते. पाहिलं तर जाईन, असं वाटते मले."

"काही बोलतो?"

"तेवढंच तर नाही ना." त्यांनी कप खाली ठेवला. "होता तवा फाटकापासून हाक मारे. माय. साऱ्या मोहल्ल्याले ऐकू जाय. मी म्हणे, हळू गा, बहिरी नाही झाली मी अजून. आता येते अन् नुसता उभा राहते. रोज वाट पाहून राहिली मी. एक बार हाक मारन, तर मी वळून पाहीन. मग जाऊ दे त्याले कुठं जायाचं ते."

बाहेर उजेड पिवळा झाला होता. त्यांनी पंखा बंद केला, खुर्ची फिरवली आणि दाराकडं पाठ करून बसल्या. मला म्हणाल्या, "तू पाहा पाहिजे तर. तुले काही नाही होणार."

मी दाराकडं तोंड करून बसले. फाटक, अंगण, नळ, सगळं समोर होतं.

आधी मोटरसायकलचं स्टँड लावल्याचा आवाज आला. लोखंड सिमेंटवर घासल्याचा, एकदाच. गल्लीत मोटरसायकल नव्हती. मग फाटकाची कडी वाजली. मी कडीकडंच पाहत होते, ती हलली नाही. मग नळ. नळाची तोटी जागच्या जागी होती आणि तिच्यातून थेंबही पडत नव्हता, तरी पाण्याचा आवाज येत होता, आणि मी पाहत असताना फरशी मधोमध काळी पडत गेली. दगड ओला होतो तशी. आवाज थांबला. मग काही नाही. अंगणातून खोलीत एक गारवा आला आणि उंबऱ्याशी थांबला.

मीराबाईंची पाठ ताठ होती. त्यांचं डोकं किंचित कलतं होतं, एक कान दाराकडं.

थोड्या वेळानं त्यांनी श्वास सोडला. "गेला," त्या म्हणाल्या. "आज पण नाही मारली."

मी उठून फरशीवर बोट फिरवलं. पाणी होतं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी आलेख पाहिला. आदल्या संध्याकाळी रेघ उचलली होती, जेव्हा उचलायची तेव्हाच. जुनं खातं बंद व्हायला आठवडाही उरला नव्हता. मीराबाईंना मी फोनवर मशीनचं सगळं सोप्या शब्दांत सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग माह्या नावानं कर ना." मी सांगितलं की मालक कंपनीतलाच माणूस लागतो, यादीत नसलेलं नाव नवं खातं घेतच नाही, आणि नाव नसलं तर मशीन आपोआप बंद पडतं.

"मग कसं करतं?"

"मी बघते, काकू."

बंटीनं मी काय करतेय ते पाहिलं. "ताई, रिकामं हाय ते. पुसून टाक ना. काहून ओझं वाहून राहिली?"

"प्रीतमचं आहे."

तो आपल्या लॅपटॉपकडं वळला. महादेवराव म्हणाले, "पोराची आठवण म्हणून ठेवता तर ठेवा. पण नाव पाहिजे बरं का. बिननावाचं काही नको मले."

मी सक्करदरा नव्या खात्यात नेलं आणि मालकाच्या रकान्यात स्वतःचं नाव घातलं. मनात दुसरं काही नव्हतं. कुणाचं तरी घालायचं होतं. संध्याकाळी मीराबाईंना सांगितलं, "काम झालं काकू, आता काही भीती नाही. माझ्या नावावर केलंय."

"तुह्या?"

"नावापुरतं."

"बरं," त्या म्हणाल्या. मग पुन्हा, "बरं."

मी मनीषनगरात चौथ्या मजल्यावर राहते. एकटीच, आई-वडील वर्ध्याला असतात. त्या दिवशी घरी आले, गॅलरीतले कपडे काढले, चहा टाकला. समोरच्या इमारतीच्या काचांवरून ऊन उतरलं आणि माझ्या दाराबाहेर मोटरसायकलचं स्टँड लावल्याचा आवाज आला.

चौथ्या मजल्यावर, लिफ्ट आणि माझं दार यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत.

मग फाटकाची कडी. माझ्या मजल्यावर फाटक नाही. मग पाणी. चहा उतू गेला, तरी मी गॅस बंद केला नाही. पाणी थांबलं. दाराच्या पलीकडं कुणीतरी उभं राहिल्यावर दाराला जो एक जडपणा येतो, तो आला. मी दाराजवळ गेले आणि लाकडाला तळहात लावला. ते गार होतं. बाहेर मार्चची धग होती.

मला भीती वाटली नाही. हे मला नमूद करायला हवं. मला एवढंच वाटलं की हा उशिरा आलाय, आणि दमून आलाय.

सकाळी मीराबाईंचा फोन आला. "काल नाही आला वं. मशीन बंद पडलं का?"

"नाही काकू, सुरू आहे." ते खरं होतं.

"मग असन काही."

त्यानंतर रोज सकाळी फोन यायचा. प्रश्न तोच, उत्तरही तेच. मी संध्याकाळच्या मीटिंगा दुपारी घेऊ लागले. ऊन उतरायच्या आत घरी पोचायचंच, मग वर्धा रोडवर कितीही गर्दी असो. दार लावून, दिवा न लावता, दाराला पाठ टेकून जमिनीवर बसायचं. पलीकडं तो उभा असायचा. मध्ये लाकडाची एक फळी. ज्या मार्चनंतर मी त्याच्या घरी जाणार होते, त्या मार्चनंतर तो माझ्या घरी आला होता.

उपाय मला ठाऊक होता. महादेवरावांना सांगून मीराबाईंना नावापुरतं सल्लागार म्हणून यादीत घेता आलं असतं. त्यांच्या फोनवर एक कोड गेला असता, त्यांनी तो वाचून दाखवला असता आणि रकान्यात त्यांचं नाव बसलं असतं. महादेवराव नाही म्हणाले नसते. मी तसा मेल लिहिला. रोज सकाळी उघडून वाचायची, त्यातला एखादा शब्द बदलायची आणि पुन्हा तसाच ठेवायची.

एका दुपारी मीराबाई स्वतः ऑफिसात आल्या. ऑटोनं आल्या होत्या, पदरानं मान पुसत होत्या. बंटीनं जारमधलं पाणी दिलं, प्रीतमची खुर्ची पुढं केली. त्या बसल्या. खुर्चीच्या हातावरून त्यांनी एकदा बोटं फिरवली.

"काकू, फोन करायचा, मी आले असते," मी म्हणाले.

"फोनवर माणसाचं तोंड दिसत नाही," त्या म्हणाल्या. त्या वाळल्या होत्या. "मी रोज बसते. अंधार पडेपर्यंत. फरशी कोरडी राहते. एक सांग मले. तुह्याकडं येते का तो?"

मी लॅपटॉपच्या पडद्याकडं पाहिलं. "नाही, काकू."

कूलर घरघरत होता. बंटी कधी बाहेर गेला ते मला कळलं नाही.

"येत असन तरी माहं काही म्हणणं नाही," मीराबाई शांतपणे म्हणाल्या. "कुठं तरी येऊन राहिला, एवढं पुरे हाय मले. तू पण वाट पाहिली असन. मी फक्त इतकंच विचारते. हाक मारते का?"

"नाही," मी म्हणाले. ही एक गोष्ट खरी होती.

त्यांनी मान हलवली. "मारन तवा मले फोन कर. मी ऑटो करून येईन. मी येईपर्यंत ओ देऊ नको त्याले. करशील ना फोन?"

"हो."

त्या उठल्या, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि गेल्या. तो येतो हेच मी कबूल करून बसले होते, ते मला लिफ्टचं दार लागल्यावर कळलं.

त्या रात्री मी तो मेल पाठवायचा ठरवला. सकाळी नाही पाठवला. आणखी एक संध्याकाळ, मग पाठवू, असं ठरवलं.

एप्रिल लागला होता. घरी पोचले तेव्हा भिंती तापलेल्या होत्या. दार लावलं, कडी घातली, पर्स टेबलावर टाकली. फोन बाहेर काढून टेबलावरच, दाराशी बसून दिसेल असा ठेवला. मीराबाईंचा नंबर वरच होता, एकदा बोट लावलं की लागला असता.

समोरच्या काचांवरचं ऊन उतरलं.

स्टँड. कडी. पाणी.

पाणी नेहमीपेक्षा जास्त वेळ वाहत राहिलं. मग थांबलं. मी दाराला पाठ टेकून बसले होते. पाठीला गार लागलं.

बाहेर त्यानं श्वास घेतला. लांबून ओरडायच्या आधी माणूस घेतो तसा.

"माय."

त्याचाच आवाज. मी इतक्या वर्षांत विसरले नव्हते, आणि आपण विसरलो नव्हतो हे मला तेव्हा कळलं.

टेबलावर फोन थरथरू लागला. पडद्यावर मीराबाईंचं नाव होतं. मी लावला नव्हता, त्यांनीच केला होता.

"माय," तो पुन्हा म्हणाला. या वेळी आवाज लहान होता. घरात कुणी नाही की काय, असं वाटू लागलेल्या मुलाचा.

अश्लेषा म्हणेल, म्हणून मी थांबले. तो म्हणाला नाही.

फोन थरथरत टेबलाच्या कडेपर्यंत गेला आणि बंद झाला.

पलीकडचा जडपणा कमी होऊ लागला. पाठीचा गारवा दाराच्या वरच्या बाजूनं ओसरत चालला. तो जायला निघाला होता.

"हव, बाप्पा," मी म्हणाले. "आली."

असं, मीराबाईंसारखं, मी कधी बोलत नाही. आमच्या घरी कुणीच बोलत नाही.

मी उठले आणि अंधारात कडी चाचपली. कडी आतल्या बाजूला होती, तासाभरापूर्वी मीच घातलेली.

ती ओली होती.